राष्ट्रपती निवडणूक २०२२ : कट्ट्यावरच्या तक्त्याच्या नोंदी

१० जून २०२२, शुक्रवार

काल निवडणूक आयोगाने तारखा जाहीर केल्या. १५ जूनला अधिसूचना, २९ ला अर्ज भरायची मुदत संपणार, १८ जुलैला मतदान आणि २१ ला मोजणी. त्यावरून संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर जो वाद पेटला त्यातूनच कुणाला किती मतं पडतील याचा हा तक्ता करायचं ठरलं. अण्णांचं म्हणणं सरळ आहे : एनडीएचा उमेदवार येणार, चर्चा कसली करताय? सर नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. ते म्हणतात, मतदान गुप्त आहे, पक्षादेश चालत नाही, १९६९ ला सत्ताधारी काँग्रेसचा अधिकृत उमेदवार पडला होता हे विसरू नका.

गंमत अशी की अजून कुणाचाच उमेदवार ठरलेला नाही. नाव माहीत नसलेल्या माणसावर दोघंही चहा-भजी लावायला तयार आहेत.

काम तिघांत वाटून घेतलं. आकडे मी भरायचे, सूत्रं ताईने तपासायची (ती राज्यसेवेचा अभ्यास करतेय, तिची उजळणीही होईल), आणि आक्षेप घ्यायचं काम सरांचं. अण्णा निकाल सांगणार, तो त्यांनी सांगून झालाय.

११ जून

पहिला रकाना : आमदाराच्या मताचं मूल्य. राज्याची १९७१ च्या जनगणनेतली लोकसंख्या भागिले विधानसभेच्या जागा, आलेल्या उत्तराला पुन्हा एक हजाराने भागायचं. महाराष्ट्राची लोकसंख्या तेव्हा ५,०४,१२,२३५ होती. भागिले २८८, मग भागिले हजार, म्हणजे १७५. सगळ्या विधानसभेचं मिळून ५०,४००.

२०२२ च्या निवडणुकीत १९७१ ची लोकसंख्या कशाला, हा प्रश्न अण्णांनी विचारलाच. कुटुंबनियोजन नीट राबवलेल्या राज्यांना त्याची शिक्षा नको, म्हणून ४२ व्या घटनादुरुस्तीने आकडे तिथे थांबवले. पुढे ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली.

उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मत २०८ चं, सिक्कीमच्या आमदाराचं ७ चं. गोव्याचं मूल्य २० आहे. चाळीस आमदार मिळून ८००, म्हणजे अख्खी गोवा विधानसभा उत्तर प्रदेशच्या चार आमदारांपेक्षा हलकी. ताईने हे वाचून दाखवल्यावर पायरीवर थोडा वेळ नुसती हळहळ चालली होती. आम्ही जणू गोव्याचेच.

१३ जून

खासदाराचं मूल्य. सगळ्या आमदारांच्या मतांची बेरीज ५,४३,२३१. मत देऊ शकणारे खासदार ७७६ (लोकसभा ५४३, राज्यसभेचे निवडून आलेले २३३). भागाकार ७००.०४, म्हणून प्रत्येकी ७००. पाच वर्षांपूर्वी हाच आकडा ७०८ होता. फरक कुठून आला ते शोधायला ताईने जुनी बेरीज काढली : ५,४९,४९५. वजाबाकी ६,२६४. जम्मू-काश्मीरचे ८७ आमदार गुणिले ७२ बरोबर ६,२६४. तिथे सध्या विधानसभाच नाही, त्यामुळे ती ओळ कोरी, आणि त्या कोऱ्या ओळीमुळे देशातल्या प्रत्येक खासदाराचं वजन आठाने घटलं.

एकूण मतमूल्य १०,८६,४३१. मतदार ४,८०९. सगळी मतं पडली आणि वैध ठरली तर जिंकायला ५,४३,२१६ लागतील. प्रत्यक्षात हा आकडा वैध मतांवर ठरतो. त्यामुळे तो तक्त्यात हाताने न लिहिता सूत्राने काढायचा.

आता पक्षांचा रकाना. प्रत्येक पक्षापुढे तीनच शक्यता : जाहीर पाठिंबा, अंदाज, माहीत नाही. सरांना चौथी हवी होती, "फुटण्याची शक्यता". मी नकार दिला. तो रकाना ठेवला की त्यात प्रत्येक जण आपल्या मनातलं भरणार.

आजची स्थिती : एनडीए अर्ध्याला थोडी कमी. आमच्या बेरजेत तूट पंधरा ते वीस हजारांच्या दरम्यान येते. बिजू जनता दल आणि वायएसआर काँग्रेस दोघेही "माहीत नाही" मध्ये. खरं तर सगळा वाद या दोन ओळींचा आहे. बाकीच्या ओळी हलल्या तरी फार काही होणार नाही.

१५ जून

दिल्लीत ममता बॅनर्जींनी विरोधकांची बैठक बोलावली होती. शरद पवारांनी उमेदवारी नाकारली. अण्णा म्हणाले, "पवारांनी नाही म्हटलं, ह्यातच तुमचा तक्ता आला." सरांनाही यावर उत्तर सुचलं नाही. पन्नास वर्षं बेरजा करणाऱ्या माणसाने उभं राहायला नकार दिला, हाही एक आकडाच आहे. पण तक्त्यात त्याला घर नाही.

१७ जून

सरांच्या हट्टापायी आज १९६९ ची निवडणूक तक्त्यावर चालवून पाहिली. बरंच झालं. या प्रकल्पातली सगळ्यात चांगली संध्याकाळ हीच होती.

झाकिर हुसेन यांचं मे महिन्यात पदावर असताना निधन झालं. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. अपक्ष व्ही. व्ही. गिरी. आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडून आलेले. त्यांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा. इंदिरा गांधींनी आपल्याच पक्षाच्या उमेदवाराऐवजी सदसद्विवेकाला स्मरून मत द्यायला सांगितलं, तो "अंतरात्म्याचा आवाज" इथलाच.

या निवडणुकीत मतदार उमेदवारांना एक, दोन असा पसंतीक्रम देतात. पहिल्या पसंतीची मतं : गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. वैध मतं ८,३६,३३७, म्हणून कोटा (जिंकायला लागणारी मतं) ४,१८,१६९. गिरी सर्वांत पुढे, पण कोट्याच्या खाली. मग खालच्या उमेदवारांच्या दुसऱ्या पसंतीची मतं वाटत गेले. शेवटी गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७.

ताईने वजाबाकी करून दाखवली तेव्हा सरही सरसावून बसले. वाटपात रेड्डींना ९१,८७९ मिळाली आणि गिरींना फक्त १८,५६२. म्हणजे देशमुखांची मतं बहुतांशी रेड्डींकडेच गेली. तरी गिरी कोट्यापेक्षा १,९०८ ने वर निघाले. तो आकडा आजच्या मूल्याने तीन खासदारांपेक्षा कमी भरतो.

"बघा," सर म्हणाले.

अण्णा म्हणाले, "सर, तिथं पंतप्रधानच उमेदवाराच्या विरोधात होत्या. आता कोण कुणाच्या विरोधात आहे ते सांगा."

माझं मत अण्णांच्या बाजूला झुकतं. १९६९ मध्ये मतं गुप्तपणे फुटली हे खरं, पण ती एकेका आमदाराला रात्री झोप लागली नाही म्हणून फुटली नाहीत. सत्ताधारी पक्षाचेच दोन तुकडे होत होते, वर्ष संपायच्या आत झालेही. अंतरात्म्यामागेही गट होता.

२१ जून, सकाळ

काल रात्री विधान परिषदेचा निकाल. भाजपचे पाचही आले, काँग्रेसचे चंद्रकांत हंडोरे पडले. हा आमच्या कामाचा मुद्दा आहे. १० जूनच्या राज्यसभेच्या मतदानात आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. परिषदेचं मतदान गुप्त. १०६ आमदारांच्या भाजपला राज्यसभेला १२३ मतं होती, परिषदेला १३४. तोच महिना, तीच विधानसभा आणि पडदा लावल्याबरोबर अकरा मतं वाढली. राष्ट्रपतिपदाचं मतदानही पडद्याआड.

सर आज लवकर येणार, खुशीत.

२१ जून, रात्री

एका दिवसात तीन गोष्टी. एकनाथ शिंदे आमदार घेऊन सुरतेला. दुपारी विरोधकांनी यशवंत सिन्हांचं नाव जाहीर केलं (पवारांनंतर फारूक अब्दुल्ला आणि गोपाळकृष्ण गांधी यांनीही नकार दिला होता). आणि रात्री एनडीएकडून द्रौपदी मुर्मू : ओडिशाच्या मयूरभंजच्या, संथाळ आदिवासी, झारखंडच्या माजी राज्यपाल.

नाव ऐकताच नवीन पटनायकांचं अभिनंदन आलं. बिजू जनता दलाची ओळ "माहीत नाही" मधून "जाहीर" मध्ये. खासदार २१, म्हणजे १४,७००. आमदार ११४ गुणिले १४९, म्हणजे १६,९८६. एकूण ३१,६८६. तूट भरून वर शिल्लक उरली.

विजयाचा प्रश्न माझ्या मते इथे मिटला, मतदानाच्या जवळजवळ महिनाभर आधी. यात फूट नाही, विवेक नाही, गुप्त काही नाही. एका नावाने एक आख्खा पक्ष उघडपणे उचलून आणला.

महाराष्ट्राची शिवसेनेची ओळ मात्र मी कोरी केली. ५५ आमदार, मूल्य ९,६२५. ते कुठे आहेत हे आज तरी सुरतेच्या हॉटेलवाल्यालाच ठाऊक.

२६ जून

पोटनिवडणुकांचे निकाल. आझमगड आणि रामपूर समाजवादी पक्षाकडून भाजपकडे. एनडीएत १,४०० ची भर, समोर तितकीच घट. वायएसआर काँग्रेसचा पाठिंबा जाहीर झाला, पंचेचाळीस हजारांच्या वर. काल मायावतींनीही मुर्मूंना पाठिंबा दिला.

अण्णांनी भज्यांची मागणी केली. सरांनी ती फेटाळली : मोजणी व्हायची आहे.

२ जुलै

माघारीची मुदत संपली. ११५ अर्ज आले होते, त्यांतले १०७ बाद. पन्नास सूचक, पन्नास अनुमोदक आणि पंधरा हजार अनामत ही चाळण आहे. रिंगणात दोघंच. दोनच उमेदवार म्हणजे दुसऱ्या पसंतीच्या वाटपाची वेळच येणार नाही. १९६९ साठी ताईने कष्टाने लिहिलेली सूत्रं या वेळी नुसती बसून राहणार. तिला वाईट वाटलं, ठेवून दे म्हटलं.

कालची बातमी : ममतांनी स्वतःच सांगितलं की महाराष्ट्रातल्या सत्ताबदलानंतर मुर्मूंची शक्यता वाढली आहे, आणि भाजपने आधी विचारलं असतं तर विचार केला असता. विरोधी उमेदवार उभा करणाऱ्या नेत्याच हे बोलल्यावर सिन्हांच्या बाजूने वाद घालायला पायरीवर माणूस मिळेना. आता सरांची मांडणी बदलली आहे. ते विचारतात, "अंतर किती राहील? आणि ते कुणामुळे?" हा प्रश्न मूळ प्रश्नापेक्षा चांगला आहे.

४ जुलै

शिंदे सरकारचा विश्वासदर्शक ठराव, १६४ विरुद्ध ९९. महाराष्ट्राची ओळ भरली : १६४ अधिक अध्यक्ष, १६५ गुणिले १७५. ठाकऱ्यांकडे उरलेले पंधरा "माहीत नाही" मध्ये.

सभागृहात उभं राहून दिलेलं मत १८ तारखेला पडद्यामागे तसंच राहील का, असं सरांनी विचारलं. राहील असं धरून चाललोय. नव्या सत्तेच्या पहिल्या पंधरवड्यात माणसं सहसा तिच्याच बाजूला असतात.

७ जुलै

पी. टी. उषा, इलैयाराजा, वीरेंद्र हेगडे आणि विजयेंद्र प्रसाद यांची राज्यसभेवर नियुक्ती. "चार वाढवा," अण्णा. नाही. नामनिर्देशित सदस्यांना राष्ट्रपतीच्या निवडणुकीत मत नसतं. विधान परिषदेच्या आमदारांनाही नसतं. हे दुसरं वाक्य ऐकून वाचनालयात पेपर वाचणारे दोन गृहस्थ उठून वादात आले, त्यांना हे खरंच वाटेना. ताईने घटनेचं ५४ वं कलम वाचून दाखवलं.

१२ जुलै

उद्धव ठाकऱ्यांचा मुर्मूंना पाठिंबा. काल मातोश्रीवर खासदारांनी तोच आग्रह धरला होता. पंधरा आमदार आणि शिवसेनेचे खासदार "जाहीर" मध्ये हलवले.

हे शिवसेनेला नवं नाही, म्हणून एक वेगळं पान केलं. २००७ मध्ये सेना एनडीएत होती, तरी भैरोसिंह शेखावतांना सोडून मराठी म्हणून प्रतिभाताई पाटलांना मत दिलं. २०१२ मध्ये संगमांना सोडून प्रणव मुखर्जींना. आता काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर असताना मुर्मूंना. याच पानावर २०१७ चा संयुक्त जनता दलही घेतला : बिहारात लालूंबरोबर सत्तेत, आणि मत बिहारचे राज्यपाल रामनाथ कोविंद यांना.

हे पान भरल्यावर मला आमचा मूळ प्रश्नच उलटा वाटायला लागला आहे. "कुठल्या पक्षाचा उमेदवार येणार" असं आपण विचारतो तेव्हा पक्ष आधी आणि माणूस नंतर धरतो. इथे चारही वेळा आधी नाव आलं आणि मग कुंपणावरचे पक्ष त्याच्याकडे सरकले. प्रतिभाताई मराठी नसत्या तर २००७ ची ओळ तशी झाली असती का? म्हणून तक्त्यात "उमेदवार" हा स्वतंत्र रकाना घातला : राज्य, समाज, आधीचं पद. सरांना हे पटलं. अण्णांच्या मते हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नव्हतं.

१५ जुलै

झारखंड मुक्ती मोर्चा मुर्मूंकडे. रांचीत काँग्रेसबरोबर सरकार आणि राष्ट्रपतीसाठी विरुद्ध बाजू. पण संथाळ उमेदवाराच्या विरोधात मत देऊन हेमंत सोरेन आपल्या लोकांसमोर कोणत्या तोंडाने गेले असते? सिन्हा हजारीबागचे, झारखंडचे माजी खासदार, याने काही फरक पडला नाही.

तक्ता आज बंद केला. मुर्मू साडेसहा ते पावणेसात लाख. वरची बाजू गाठली तर त्यात फुटलेली मतं असतील, खालची आली तर गैरहजेरी आणि बाद मतं. कागद घडी घालून ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात ठेवला.

१८ जुलै

मतदान. संसदेत आणि राज्यांच्या विधानभवनांत. खासदारांना हिरवी मतपत्रिका, आमदारांना गुलाबी. पेन आयोगाचंच, जांभळ्या शाईचं. दुसऱ्या पेनाने आकडा घातला तर मत बाद. मुख्यमंत्री शिंदे महाराष्ट्रातून दोनशे मतं मिळतील म्हणताहेत. आमच्या तक्त्यात १८०.

२१ जुलै

मोजणी. आधी खासदार : मुर्मू ५४०, सिन्हा २०८, बाद १५. बाद पंधरा! ज्यांनी कायदे करायचे त्यांना एक आणि दोन लिहिता येईना, यावर पायरीवर जे बोललं गेलं ते इथे लिहीत नाही.

मग राज्यं इंग्रजी वर्णक्रमाने. तिसऱ्या फेरीअखेर मुर्मू ५,७७,७७७. तिथेच निम्म्याच्या पुढे गेल्या. अंतिम : मुर्मू ६,७६,८०३, सिन्हा ३,८०,१७७. टक्केवारी ६४.०३ आणि ३५.९७. आमच्या वरच्या टोकाच्याही अठराशेने पुढे.

महाराष्ट्र : मुर्मू १८१, सिन्हा ९८. ताईने आनंदाने हात उंचावले, पण एक मत कुठून आलं याचा तिला अजून शोध लागलेला नाही, आणि मतदान गुप्त असल्यामुळे लागणारही नाही. झारखंड ७० विरुद्ध ९. आसामात मुर्मूंना १०४, सिन्हांना २०, तिथले विरोधक याच्या दुपटीने आहेत. आणि केरळ. १४० आमदार, भाजपचा एकही नाही, दोन्ही आघाड्या सिन्हांबरोबर. तरी मुर्मूंना एक मत. एकशे बावन्नचं ते मत कुणाचं, यावर सर अर्धा तास बोलले. इतके आनंदात मी त्यांना महिनाभरात पाहिलं नव्हतं.

भजी सरांनीच आणली.

२३ जुलै

हिशेब. सतरा खासदार आणि सव्वाशेच्या आसपास आमदार फुटल्याचे दावे आहेत. दावे जसेच्या तसे धरले तर खासदारांचे ११,९०० आणि आमदारांचे, राज्य बघून, पंधरा-सोळा हजार. दुसऱ्या बाजूला बिजू जनता दल आणि वायएसआर काँग्रेस या उघड आलेल्या दोनच पक्षांचे सत्तर हजारांच्या वर, आणि त्यात बसपा, तेलुगू देसम, अकाली, झामुमो, ठाकऱ्यांची सेना धरलेलीच नाही. गुप्त मतदानाने आकडा फुगवला, निकाल घडवला नाही. सरांना हे मान्य आहे, "या वेळी" एवढा शब्द घालून.

तक्त्याची एक प्रत उपराष्ट्रपतिपदासाठी काढली आहे. ६ ऑगस्टला मतदान, जगदीप धनखड आणि मार्गारेट अल्वा. तिथे मतदार फक्त खासदार, नामनिर्देशितही धरून, आणि प्रत्येकाचं मत एकच. मतमूल्याचे रकाने काढले, राज्यांच्या ओळी पुसल्या. उषा आणि इलैयाराजा आता मोजायचे. तृणमूलने परवाच मतदानाला न जाण्याचं जाहीर केलं, म्हणून "गैरहजर" असा एक रकाना नवीन. अण्णा धनखड म्हणतात. सरांनी अजून बाजू घेतलेली नाही.